कुंभारखाण पाड्याला उतरा

डोंबिवली पश्चिमेला, स्टेशनाबाहेरच्या रांगेत, तुम्ही रोज संध्याकाळी रिक्षावाल्याला दोनच शब्द सांगता : कुंभारखाण पाडा. शेजारचा मोठागाव म्हणतो, मागचा रेतीबंदर. हे नाव तुमच्या आधार कार्डावर छापलेलं आहे, पार्सलवाल्याला फोनवर तीन-तीनदा ओरडून सांगितलेलं आहे. पण कुंभार कुठला आणि खाण कसली, हे कधी विचारलंत? नाही ना. विचारायला उसंत कुठे होती! खांद्याला सॅक, सॅकेत डबा, आणि आज डब्याशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कप.

त्या कपाचं आधी सांगून टाकतो, पुढे तो लागणार आहे. ऑफिसातलं कुणीतरी जपानला जाऊन आलं. सगळ्यांना चॉकलेटं वाटली आणि तुमच्या हातावर हा कप ठेवला. ना चकाकी, ना चित्र. खरबरीत, तपकिरी, एका अंगाला राखेचे ठिपके, पोटावर दोन आडव्यातिडव्या तांबड्या रेघा. तळाला, दोऱ्यानं कापल्यावर उमटतात तशी, शिंपल्यासारखी वळणं. तुम्ही तोंडानं 'वा, छान' म्हणालात आणि मनात म्हणालात, सेलमधला दिसतोय.

रिक्षा निघाली. मागे तिघं, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर टेकलेला चौथा. तो मी. शेअर रिक्षाला मीटर लावत नाहीत. लावला असता तर आकडे उलटे पळताना तुम्हाला दिसले असते. तुमचे सुट्टे मी देतो. उतरा.

आधी कान मोकळे होतात. हॉर्न गेले, लोकलची घोषणा गेली, कुणाच्या तरी मोबाइलवरचं भांडण गेलं. मग नाकाला कळतं : खाडीचा कुजकट-खारट चिखल, त्यावर वाळलेल्या पेंढ्याचा गोडसर वास, लांब कुठेतरी शेणी पेटवल्याचा. मग पाय. डांबर समजून टाकलेलं पाऊल घोट्यापर्यंत रुततं, वर येताना बूट आतच राहतो. राहू द्या. इथे बूट असलेले तुम्ही एकटेच आहात आणि मघापासून दोन पोरं त्याच्याकडेच बघतायत.

साल साधारण १९२०. महिना पौष, संक्रांत आठवड्यावर आली आहे. तुमच्या बिल्डिंगच्या जागी भाताचं शेत आहे. कापणी होऊन मळणीही उरकली, आता नुसती धसकटं. पलीकडे खारबांध, बांधापलीकडे तिवरांची दाट हिरवी रेघ, तिच्यामागे भरतीचं पाणी. थंडी आहे. होय, डोंबिवलीत. उन्हाला अंग शेकावंसं वाटेल इतकी. शेत रिकामं झालं की कुंभाराचा हंगाम सुरू होतो, कारण त्याला लागतं ते पिकाच्या खाली असतं.

शेताच्या कडेला कंबरभर खड्डा आहे. त्यात लंगोटी लावलेला एक म्हातारा कुदळीनं माती काढतोय आणि त्याची सून घमेल्यानं वर देतेय. वरची काळी भुसभुशीत माती त्यानं बाजूला टाकली आहे. त्याला हवी आहे खालची, पिवळट-राखाडी, लोण्यासारखी कापली जाणारी. तो एक चिमूट उचलतो आणि चक्क जिभेवर ठेवतो. दोन क्षण डोळे मिटतो, थुंकतो, मान हलवतो. मग तुमच्याकडे बघतो.

"पाव्हणं, बघा चाखून."

नाही म्हणायची सोय नाही, तो चिमूट पुढे धरून उभा आहे. ठेवा जिभेवर. आधी काहीच नाही. मग दातांखाली कचकच व्हावी तर तीही नाही. टाळूला साबणासारखं गुळगुळीत लागतं, आणि शेवटी पहिल्या पावसाचा जो वास असतो ना, त्याचीच चव. म्हातारा बांधाकडे बोट करतो. तिकडची माती दिसायला अशीच, पण तिच्यात खार. तिचं मडकं वाळलं की अंगावर मिठाची पांढरी बुरशी फुलते आणि पोपडे निघतात. बांधाच्या अलीकडे मडकं, पलीकडे मासळी. सरहद्द जिभेनंच ठरते.

इथे मध्येच तुमच्या सॅकेतल्या कपाची आठवण काढतो. तो जपानच्या ओकायामा भागातल्या बिझेनचा आहे. इम्बे नावाच्या गावातले कुंभार त्याची माती कुठून काढतात ठाऊक आहे? भातखाचरांच्या खालून. तिथेही पीक निघाल्यावर वरचा थर सारून खालची चिकट माती उपसायची चाल आहे. भात पिकवणाऱ्या दोन मुलखांत कुंभाराला शेतकऱ्याच्या पायाखालीच खाण सापडावी, यात तसं नवल नाही. फरक इतकाच की इम्बेला लोक त्या मातीपायी जातात, आणि तुम्ही तिच्यावर सातव्या मजल्यावर राहता.

गाढवं भरली. पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी, गोणीतून ठिबकणारं गढूळ पाणी. आजचा प्रवास माझ्या हुकमानं चालला आहे, म्हणून गाढवं कल्याणच्या वाटेला लागतात. तुम्ही मागून चाला. गाढवाच्या नेमकं मागे नको, जरा बाजूनं. ठाकुर्ली म्हणजे शेतं आणि चार झोपड्या. चोळ्याच्या पॉवर हाउसचा अजून पत्ता नाही. शेजारून कोळशाचं इंजिन जातं तेव्हा जमीन आधी हादरते, मग काळा धूर अंगावर येतो, मग डोळ्यांत कण. गाढवं कानही हलवत नाहीत. पत्रीपूल उभा राहून अजून फार वर्षं झालेली नाहीत. त्याच्यापाशी तुम्ही सवयीनं थबकता, पुढे किती गाड्या अडकल्यात ते बघायला. पुढे एक बैलगाडी आहे. तीही चालती.

जुन्या कल्याणातला कुंभारवाडा तुम्हाला दिसायच्या आधी ऐकू येतो. थप, थप, थप. एका घरातून नाही, सगळ्या घरांतून, प्रत्येकाची लय वेगळी. लांबून वाटतं, अख्खी आळी भाकऱ्या थापतेय. जवळ गेल्यावर अंगणं दिसतात आणि पाय कुठे ठेवावा ते कळेनासं होतं. ओली, अर्धवट वाळलेली, वाळलेली. पालथी, उताणी, एकावर एक. घागरी, डेरे, परळ, वेळण्या, चुली, पाणी साठवायचे रांजण, आणि सध्या सगळ्यांत जास्त सुगडं, शेकड्यांनी. संक्रांतीला प्रत्येक घरात पाच-पाच तरी लागणार. सुघट हा मूळ शब्द, म्हणजे चांगला घडा. जिभेवर फिरून फिरून त्याचं सुगड झालं. कोंबडीनं वाळत्या सुगडावर पाय दिला की आजी तिला ज्या शिव्या देते, त्या मी इथे छापू शकत नाही.

आजी म्हणजे खड्ड्यातल्या म्हाताऱ्याची बायको. नऊवारीचा काष्टा मारलेला, हात कोपरापर्यंत गेरूनं लाल. आज तुम्ही तिच्या तावडीत आहात. ती विचारत नाही कुठून आलात. रिकामे हात दिसले, की झालं.

"उभं काय ऱ्हायलंय? तुडवा."

पायजमा, पँट, जे काय आहे ते गुडघ्याच्या वर घ्या. काल भिजत घातलेल्या मातीत राख आणि गाढवाची वाळलेली, चाळलेली लीद मिसळली आहे. नाक मुरडू नका. ही लीद आव्यात, म्हणजे भट्टीत, जळून जाते, आणि ती जिथे होती तिथे बारीक बारीक भोकं राहतात. उन्हाळ्यात तुमच्या माठाचं पाणी गार होतं ते या भोकांमुळे : पाणी झिरपून बाहेर येतं, वारा लागून उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. तुमच्या आजोबांनी माठातल्या पाण्याची जी गोडी सांगितली होती, तिच्यात गाढवाचा वाटा होता. आता तुडवा. टाच आधी, मग चवडा, कडेपासून मध्याकडे, गोल गोल. पाच मिनिटांत मांड्या भरून येतात. पायाच्या बोटांना खडा लागला की थांबायचं, वाकून काढायचा. एक खडा राहिला तर आव्यात मडकं तडकेल, आणि तडकलं तर शेजारचंही घेऊन जाईल. बराच वेळ तुडवल्यावर माती पायाला चिकटायची थांबते. झाली.

ओसरीवर आजीचा थोरला चाकावर बसला आहे. चाक म्हणजे गाडीच्या चाकाएवढं जड चक्र, जमिनीतल्या खुंटीवर तोललेलं. कडेच्या खाचेत काठी घालून तो ते जोरात फिरवतो, काठी बाजूला टाकतो आणि दोन्ही हातांनी मातीवर ओणवा होतो. चाक आपल्या वजनानं फिरत राहतं. ते मंदावेपर्यंतचा वेळ त्याचा. मधल्या गोळ्याच्या शेंड्याशी अंगठा दाबला की खळगा होतो, बोटं वर सरकली की भिंत उठते, तर्जनीनं काठ मुडपला की ओठ तयार. ओला दोरा खालून ओढला, उचललं, फळीवर ठेवलं. सुगड. त्याच गोळ्यातून दुसरं, तिसरं, चौथं. तुम्ही मोजता मोजता चुकता.

फळीवरचं एक अलगद उलटं करून बघा. दोऱ्यानं कापलेल्या तळाला शिंपल्यासारखी वळणं आहेत. ओळखीची वाटतात ना? जपानी रसिक कप हातात घेतला की आधी पालथा करून ही खूण बघतात; तिला त्यांच्याकडे इतोकिरी असं नाव आहे. कुंभारवाड्यात तिला नाव नाही. ती सगळ्यांच्याच तळाला असते, मग नाव कशाला?

"बसायचं का पाव्हणं?" थोरला हसून सरकतो. बसा. नाहीतर आयुष्यभर चुटपुट लागेल. काठी खाचेत घालताच तुम्ही चाक फिरवण्याऐवजी चाकच काठीला फिरवतं आणि ती शेजारच्या परळावर आपटते. दुसऱ्या खेपेला चाक फिरतं, पण गोळा मधोमध बसत नाही. हाताखाली तो दारुड्यासारखा झुलतो आणि मग उडून तुमच्या शर्टावर. अंगणभर हशा. सगळ्यांत मोठ्यानं हसते ती दारातली सून. चाकाला तिनं हात लावायचा नाही, अशी इथली रीत. माती आणायची तिनं, चाळायची तिनं, तुडवायची तिनं, गेरू लावायचा, आवा रचायचा, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात विकायचं तिनं. चाकावर मात्र पुरुष. कलाकार म्हणून नाव होतं ते त्याचं. मला ही वाटणी कधीच पटलेली नाही, आणि तिच्या हसण्यावरून तिलाही पटलेली दिसत नाही.

मघाची थपथप कशाची, तेही बघून घ्या. मोठी घागर चाकावर पुरी होत नाही. चाकावर तिचं जाडजूड तोंड आणि खांदा होतो. जरा सुकली की म्हातारा तिला मांडीवर घेतो, आतून एक गुळगुळीत गोटा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत तिचं पोट फुगवत नेतो. भिंत पातळ होत जाते, बूड गोल होतं. गोल बूड डोक्यावरच्या चुंबळीत बसतं, चुलीच्या तीन दगडांवर बसतं, विहिरीच्या काठावर मात्र कलंडतं. हेच ते थापटणं, जे मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर मारलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. म्हातारा घागर ठोकताना कान तिरका करतो. माती कुठे पातळ झाली ते त्याला आवाजावरून कळतं. तुमच्या डोक्याकडेही त्यानं एकदा तसं पाहिलं. लक्ष देऊ नका.

एका कोपऱ्यात नळीच्या कौलांचा ढीग पडून आहे, त्यावर गवत उगवलंय. चाकावर लांबट नळी ओढायची, उभी चिरायची, भाजल्यावर दोन कौलं. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर कुंभारांना श्वास घ्यायला फुरसत नसे, कारण वर्षभर मांजरं आणि माकडं कौलं फोडत आणि वैशाखात घरं शाकारावी लागत. आता मंगळुरी कौलं येतात, एकसारखी, साच्यातली, माकडाला न जुमानणारी. म्हातारा त्या ढिगाकडे बघत नाही. आपणही नको बघू या.

सूर्य दुर्गाडीमागे उतरला की आवा रचायला घेतात. आवा म्हणजे भट्टी खरी, पण भिंत नसलेली. मोकळ्या जागेतला उथळ खळगा. तळाला लाकडं आणि शेणी, त्यावर मोठी मडकी पालथी, त्यांच्या फटींत परळ, त्यांच्या फटींत सुगडं, सगळ्यांत वर पणत्या. मग पुन्हा शेणी, मग भाताचा पेंढा हातभर जाडीचा, मग फुटक्या खापऱ्या, मग राख आणि चिखलाचा लेप. तुमच्याकडे खापऱ्यांची पाटी दिली आहे. एक एक माशाच्या खवल्यासारखी लावायची.

खापरी हातात आली म्हणून सांगतो. फुटलेल्या मडक्याला यापेक्षा वरची जागा सहसा मिळत नाही. पण इथून फार लांब नाही, सोपाऱ्याला, बुरूड राजाचा कोट नावाचं टेकाड होतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते उकरलं. तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी; पेटीत एकात एक करंडक, तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, आणि सगळ्यांत आत सोन्याची डबी. त्या सोन्याच्या डबीत काय असावं? मातीच्या भांड्याचे १३ कपटे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी ते इतक्या निगुतीनं जपून ठेवले होते. तुमच्या हातातली खापरी मात्र गेल्या वर्षी फुटलेल्या रांजणाची आहे. लावा चटचट, आजी बघतेय.

म्हातारा हात जोडतो, काहीतरी पुटपुटतो आणि खालच्या तोंडातून पेटता काकडा सरकवतो.

पहिला धूर पांढरा, दाट, ओला. तो आगीचा नाही, पाण्याचा. वाळलेल्या मातीतही पाणी दडलेलं असतं आणि ते सावकाश बाहेर पडायला हवं. घाई केली तर आतच वाफ होऊन मडकं फुटतं. म्हणून पहिले काही तास आग नुसती धुमसती ठेवायची. सगळी आळी गप्प बसून ऐकते. मध्येच आतून 'फट्' असा आवाज येतो आणि आजी कुणाकडेही न बघता म्हणते, "गेलं." आणखी एक फट्. "दोन." धूर आळीभर पसरतो, डोळे चुरचुरतात, तुमच्या शर्टाला लागलेला हा वास तीन धुण्यांत जाणार नाही. पलीकडच्या वाड्यांतून खिडक्या लावल्याचे आवाज येतात. मडकं सगळ्यांना हवं, धूर कुणालाच नको.

रात्र चढते आणि आग पेंढ्यात शिरते. आता समोर तोंड भाजतं आणि पाठीला पौषातली थंडी झोंबते. तुम्ही पापडासारखे आलटून पालटून दोन्ही बाजू शेकत बसता. लेपाच्या भेगांतून आतला रंग दिसतो, आधी काळपट लाल, मग जास्वंदीचा, मग पिकल्या संत्र्याचा. जपानातली बिझेनची बंद भट्टी आठवडा-दीड आठवडा, कधी त्याहून जास्त, रात्रंदिवस पाइनची लाकडं खाते आणि १,२०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. हा आवा एका रात्रीचा. ७००-८०० अंशांपर्यंत पोचला की पुष्कळ. तिथे माती जवळजवळ दगड होते आणि पाणी धरून ठेवते. इथे ती मातीच राहते, फक्त पुन्हा चिखल व्हायचं विसरते.

भूक लागली असेल. शेजारच्या पाड्यावरची आगरी मंडळी टोपलीभर वालाच्या शेंगा घेऊन आली आहेत. पोपटी लावायची. त्यासाठी मडकं हवंच, आणि ते इथे कुणाला विकत घ्यावं लागत नाही. मागच्या आव्यातलं एक आजी पायानं पुढे ढकलते. पोटावर धुराचा मोठा काळा डाग पडलेलं, म्हणून बाजारात न चाललेलं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, कोनफळाचे तुकडे, चार अंडी, पुन्हा पाला ठासून. पाण्याचा थेंबही नाही. मडकं पालथं मारून भोवती पेंढा पेटवायचा. अर्ध्या तासानं ते उघडलं की जो वास येतो, तो सांगायला मी पुरा पडणार नाही. कडवट पाला, भाजका वाल आणि तापलेली माती, तिन्ही एकदम. शेंग बोटं पोळवते, दातात धरून ओढली की दाणा जिभेवर, टरफल विस्तवात. बोलणं थांबतं. नुसते फुंकरांचे आवाज.

खाताना कप आठवला ना तुम्हाला? मला वाटलंच होतं. काढा. वर्तमानपत्र विस्तवात टाका, त्यावरची तारीख कुणी वाचायला नको.

आजी कप हातात घेते. आधी वजन करते. मग पालथा करून तळ बघते, अगदी जपानी रसिकासारखा. मग बोटाच्या पेरानं वाजवते : टिण्ण. भुवया वर जातात.

"भाजलाय बरा. लई लाकूड जाळलं कुणीतरी." मग तांबड्या रेघांवर अंगठा फिरवते. "ह्यो पेंढा. पेंढा लागलाय ह्याला."

मी तुम्हाला मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. बिझेनला भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालत. जिथे पेंढा टेकला तिथे मातीवर अग्नीनं तांबड्या रेघा ओढल्या. त्या रेघांना हिदासुकी म्हणतात आणि आज त्यांच्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात. आता पेंढा मुद्दाम गुंडाळतात. एके काळी ही भांडीही बियाणं ठेवायची, पाणी भरायची, शेतकऱ्याच्या घरातली होती. सोळाव्या शतकात चहाचे आचार्य आले, त्यांनी त्यातली वेडीवाकडी, राख सांडलेली निवडून चहाच्या खोलीत नेली. आपल्याकडेही चहावाले आले म्हणा. पण त्यांनी आणला तो तंदूर चहा.

आजी कपात पाणी ओतते, थोडा वेळ धरते, बाहेरून हात लावून बघते. कोरडा. तोंड वाकडं होतं.

"घाम येत न्हाई. पाणी गार कसं व्हायचं? वायाच गेलं की लाकूड."

तुम्ही काही बोलू नका. जपानच्या एका नामांकित परंपरेवर कल्याणच्या कुंभारवाड्यानं निकाल दिला आहे. तिच्या बाजूनं बघाल तर तो चुकीचाही नाही.

पहाटे केव्हातरी तुमचा डोळा लागतो, डोकं पेंढ्यावर. उठता तेव्हा आवा राखाडी झाला आहे आणि आजी काठीनं लेप उकरतेय. गरम राखेचा लोट उठतो. फडक्यानं धरून एक एक बाहेर काढायचं, पेरानं वाजवायचं. टण्ण : उजवीकडे. भद्द : डावीकडे. बहुतेक सगळी विटकरी लाल निघाली, कारण वारा खेळता राहिला. कडेची काही शेणीच्या धुरात कोंडून काळी झाली. पण एका सुगडाचं मात्र काहीतरी भलतंच झालंय. अर्धं लाल, अर्धं काळं, मधल्या सीमेवर ढगासारखा निळसर करडा झोत, आणि काठाखाली पेंढ्याच्या काडीची एक बारीक तिरपी रेघ. तुम्ही ते उन्हात फिरवून फिरवून बघता. आजी ते तुमच्या हातातून घेते आणि डावीकडे टाकते. डागी.

आता बाजार. सुनेच्या डोक्यावर पाटी, तुमच्या डोक्यावर छोटी. चुंबळ नीट बसवा, मान ताठ ठेवा, खाली बघू नका, खांद्यावरून घाम उतरला तरी पुसू नका. पारनाक्याशी गर्दी : गाजरांचे ढीग, उसाच्या मोळ्या, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. हळदीचा पिवळा वास, उसाचा ओला वास, माणसांचा घामट वास. वाड्यांतल्या बायका सुगड उचलतात, वाजवतात, कानाशी नेतात, पाचांतलं एक बदलून मागतात, मग आणखी एक. "हे जरा काळवंडलंय, दुसरं दे गं." कुणी पैसा देतं, कुणी पदराखालून मापटंभर तांदूळ पाटीत ओततं. गावकीत तर रोख देणंघेणंच नाही. सुगीला खळ्यावर कुंभाराचा वाटा निघतो आणि वर्षभर तो घराला मडकी पुरवतो. बारशाला, घटस्थापनेला. लग्नात नवरीमागे करा घेऊन जी उभी राहते ती करवली. तो करा ह्याच्या घरचा. आणि शेवटी खांद्यावरून पाणी सांडत नेऊन आपटायचं ते मडकंही ह्याच्याकडचंच. त्याचे पैसे इथे कुणी घासाघीस करून देत नाही.

दुपार होता होता पाटी रिकामी. तुम्ही कुंभारवाड्यात परत येता, तर आजी ओसरीवर पाय पसरून बसली आहे आणि तुमच्या कपात तिनं मिश्री भरून ठेवली आहे. कप सादळत नाही, घाम येत नाही. मिश्रीला बरा, असं तिचं मत पडलंय. मागायला जीभ रेटत नाही ना? नका मागू. ती डाव्या ढिगातून ते अर्धं लाल, अर्धं काळं सुगड उचलते आणि तुमच्यापुढे सरकवते. तुडवल्याची मजुरी.

ते नीट धरा, आता आपण निघतोय. आधी कान भरतात : हॉर्न, घोषणा, भांडण. मग डांबर. तुमचं कॉम्प्लेक्स, तुमचा वॉचमन, गेटपाशी हातगाडीवर संक्रांतीची सुगडं, बरीचशी बाहेरगावाहून ट्रकनं आलेली, एकसारखी लाल, एकही डाग नसलेली. रिक्षावाला मागे वळून बघतो आणि कपाळावर हात मारून घेतो.

"अहो, सीटला सगळा चिखल लावलात! आणि बूट कुठाय एक?"

त्याला मी बघतो. तुम्ही वर जा, सुगडाला पाणी लावून बघा. थेंब टेकताच सुर्र करून आत जातो. आणि उद्या ऑफिसात विचारतीलच, कप कसा वाटला म्हणून. कल्याणला राहिला, म्हणा.